उजवा कौल

"...आणि ती सुरमय टोपलीत पडल्यापडल्या बाजारभाव सांगूक लागली!"

एवढं वाक्य मी तोंडातून सोडलं आणि कटिंगच्या टेबलाकडे तरातरा निघालेला दिगू मुकादम जागच्या जागी थांबला. मला तेवढंच हवं होतं.

"सुरमय? आणि बाजारभाव?"

"मगे! माझ्या मामाचो ट्रान्झिस्टर होडीतसून पाण्यात पडलो. तो तिणां गिळल्यान. पुढच्या आठवड्यात तीच सुरमय जाळ्यात गावली. लिलावात बोली चढता चढता तिच्या पोटातसून आवाज इलो, 'नमस्कार, हापूस आंब्याचे आजचे दर ऐका.' गिऱ्हायकां म्हणाक लागली, मासो ऱ्हवांदे, आमका दर ऐकू दे!"

दिगूने डोळे बारीक केले. त्याचा एक स्वभाव होता. माझी थाप कुठे फाटते ते शोधून काढल्याशिवाय त्याला पुढे पाऊल टाकवत नसे. स्वतःला फार हुशार समजायचा तो.

"सेल भिजले नाय?"

"सुरमय तेलाची रे, मेल्या. तेलात सेल भिजता?"

"पण बटण कोणी सुरू केल्यान?"

"तांच तर विचार कर!"

तो विचार करत उभा राहिला. त्याच्या पाठीमागे, काजूबियांच्या पोत्यावर, वैजू डोळे मिटून बसली होती. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताला अजून राख.

आमचा काजूचा कारखाना खाडीच्या अलीकडे, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये होता. एका टोकाला बॉयलर. त्यात काजूच्या टरफलांचाच जाळ, आणि त्याचा धूर असा की नवा माणूस दारातच खोकून परत जायचा. वाफवलेली बी शेजारच्या टेबलावर यायची. तिथे बायका हाताला राख चोळून उभ्या. पायाने पॅडल दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, बी उभी चिरली जायची आणि टरफलातलं तेल बोटांवर उडायचं. राख नसली तर कातडं निघालंच. शेडच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, ग्रेडिंगचं टेबल. तिथे बसून गर निवडायचे. ते काम भाईशेट आपल्या मर्जीतल्या बायकांना द्यायचा.

मी दाराशी काट्यावर असायचो, पोती वजन करायला. तिथून टेबलं दिसायची. वैजूचं पोट आता कटिंगच्या टेबलाच्या कडेला टेकायला लागलं होतं, तेही दिसायचं. दिगू माझी थाप ऐकत उभा राहिला की तेवढा वेळ ती बसायची. त्या टोकाला बायकांना बसायला दुसरं काही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत फणसाखाली ती माझ्याजवळ आली. डबा उघडलाच नाही.

"काका, तुमचे मासे आणखी किती दिवस बोलतले?"

"माझ्याकडे खेकडे पण असत. एक तर पेटी वाजयता."

ती हसली नाही. "माका बसाक जागा व्हयी. गेल्या साली असांच उभ्या उभ्या गेला पोर. ह्या खेपेक माका ता ऱ्हवाक व्हया. नर्सबाई इल्ली घराकडे. म्हणता, उभ्यान काम नको, वाफ नको, ह्या धुरात तर अजिबात नको. पोटुशीक बसान करूचां काम देवक व्हयां, असो कायदोच असा म्हणता."

"मगे शेटाक सांग."

"तुमी येतास?"

आनशी, बायकांतली सगळ्यात जुनी, भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच म्हणाली, "जा रे तातू. मुक्या माणसान वकील न्हेवचो असता."

"ती मुकी?"

"शेटासमोर आमी सगळ्याच मुक्या."

भाईशेट माणूस गोड. कोणावर कधी ओरडला नाही. कोणाच्या घरी बारसं असो, बारावं असो, आधी भाईशेटाची गाडी. आम्ही गेलो तेव्हा तो तळहातावर चार गर घेऊन उन्हात धरून बघत होता.

"ये गो बाय. काय म्हणता तब्येत?"

वैजूने नर्सबाईचं सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, "खिडकीकडच्या टेबलार माका बसवा, शेट. बाळंत होईपर्यंतच. काम कमी करूचंय नाय."

भाईशेटाने एक गर तोंडात टाकला. "अगो, तू माझ्या चेडवासारखी. पण तुका बसयलंय तर उद्या सगळ्याच पोटुश्या होतल्या!" तो स्वतःच हसला. "आणि गेल्या साली झाला ता नशिबाचा. टेबलाचो काय दोष?"

"पण कायदो असा, शेट."

"कायदो माका म्हायत असा. पण तो मुंबयच्या कारखान्यांक. हय आमी घरच्यासारखी ऱ्हवतों. घरात कोण कायदो लावता?" मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "झेपणां नसात तर घरी बस. पण तुझी जागा राखान ठेवतलंय, असां वचन माका देवक येवचां नाय."

वैजूचा नवरा दूर गुजरातकडच्या ट्रॉलरवर होता. तो घरी यायचा तेव्हा पैशापेक्षा ताप जास्त घेऊन यायचा. घरी बसणं म्हणजे काय, ते तिला, मला आणि भाईशेटाला, तिघांनाही ठाऊक होतं.

परत येताना मी म्हणालो, "वैजू, ह्या माणसाक थाप मारून चलाचां नाय. गोड माणसाक थाप लागू पडणा नाय."

तोड काढली ती आनशीने. आमच्या कारखान्यात दर मोसमाला राखणदाराचा नारळ ठेवायची पद्धत होती. राखणदार म्हणजे त्या जागेचा मूळ धनी. त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे विहिरीत कळशीही सोडत नाहीत. शेडच्या मागे एका दगडाला शेंदूर लावलेला असे. तिथे सगळे जमायचे, शेट नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं माझ्याकडे. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. बोलणारा एकेक मागणं मागतो आणि जमलेले सगळे एका सुरात त्याला होकार देतात. माझी जीभ सैल, म्हणून तो मान माझा.

"गाऱ्हाण्यात सांग," आनशी म्हणाली. "देवासमोर शेट नाय म्हणतलो काय?"

मला ही युक्ती इतकी आवडली, की आपल्याला कशी सुचली नाही म्हणून मी दिवसभर आनशीवर रुसून होतो.

नारळाच्या दिवशी शेड बंद करून सगळे मागे जमले. भाईशेट धोतर नेसून, हात जोडून, डोळे मिटून पुढे उभा. मी घसा साफ केला.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो असा, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्या बियेक कीड लागू नये, बॉयलराक चीर पडू नये, गराचो दर पडू नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात भाईशेटाचा आवाज सगळ्यांच्या वर.

मी श्वास घेतला. "आणि हय जी पोटुशी बाय काम करता, तिका वाफेपासून, धुरापासून लांब, खिडकीकडे बसाक जागा गावांदे म्हाराजा!"

 मग बायकांचा असा आवाज उठला, की शेडवरचे कावळे उडाले.

"व्हय म्हाराजा!"

"बाळंत होऊन परत इलेल्या बायेक आपल्या पोराक पाजूक मोकळीक गावांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही बुद्धी आमच्या शेटाक आजच्या आज होवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाईशेटही सवयीने म्हणून गेला. मग त्याने डोळे उघडले.

मला वाटलं, आता हा फणसासारखा फुटणार. पण त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतःच्या हाताने मला दिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"बरां सांगलंस तातू. देवाच्या कानार घातलंस, आता मी मधी बोलणारो कोण? देवच सांगांदे. सोमवारी देवळात कौल लावया."

बायका खूश. आनशीने तर मला चिमटा काढला. कौल म्हणजे देवाचं उत्तर. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव काही भाईशेटाच्या पगारावर नव्हता. खिडकीकडची जागा आता फक्त एका पाकळीइतकी लांब आहे, असं सगळे धरून चालले.

सोमवारी देऊळ भरलं. वैजू नवी साडी नेसून पुढे बसली होती. बाबी गुरवाने पाकळ्या लावल्या आणि वळून विचारलं, "काय विचारू?"

कौल लावणारा भाईशेट, तेव्हा प्रश्न त्याचा. त्याने पुन्हा डोळे मिटले. गळा दाटल्यासारखा आवाज काढला.

"देवा, ही आमची वैजू. गेल्या साली हिच्यार वायट प्रसंग इलो. ह्या खेपेक आमच्या कारखान्यात काम करताना हिचां पोट सुखरूप ऱ्हवतला ना? ऱ्हवतला तर उजवो दी!"

मी उठलोच. "शेट, प्रश्न हो नाय."

"मगे कसलो?"

"जागेचो. बसाक देवचां का नाय, ता विचारूचां होता."

भाईशेटाने सगळ्या देवळाकडे पाहिलं. "ऐका! चेडवाच्या पोटातल्या जिवापेक्षा तातूक जागा मोठी दिसता. अरे, मूळ विचारूक नको?"

लोकांनी माना डोलावल्या. आनशीनेही डोलावली. मी परत खाली बसलो. मी आयुष्यभर माशांना बोलायला लावलं, पण असं कधी जमलं नव्हतं. ह्या माणसाने एकही गोष्ट बनवली नव्हती. फक्त प्रश्न उचलून बाजूला ठेवला होता.

गुरवाने कौल घातला. घंटा वाजली.  आणि उजवीकडची पाकळी सुटली.

देवळात एकच गलका झाला. बायकांनी वैजूच्या कपाळाला कुंकू लावलं, कोणी तिची दृष्ट काढली. भाईशेटाने डोळे पुसले. ते पाणी खरं होतं की नाही, मला सांगता येईना, आणि खोटं ओळखणं हा तर माझा धंदा. गूळखोबरं वाटलं गेलं.

परतीच्या वाटेवर वैजू माझ्या शेजारून चालत होती.

"काका, देवान होय म्हटल्यान मां?"

"म्हटल्यान."

"मगे उद्या मी खय उभी ऱ्हवतलंय?"

माझ्याकडे त्या वेळी एकही मासा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कटिंगच्या टेबलालाच उभी होती. दुपारी तिचा दांडा थांबलेला दिसला, तेव्हा मी दिगूला हाक मारली. "दिगू, मामाच्या त्या खेकड्याचां सांगलंय काय तुका? पेटी वाजवणाऱ्या?"

दिगू थांबला नाही. "तुझो खेकडो ऱ्हवांदे तातू. तिका देवाची हमी असा. चल गो, हात चलय."

आणि खरं सांगायचं तर दिगूपेक्षा बायकाच जास्त. ती जरा वाकली, कमरेला हात लावला, की कोणीतरी म्हणायचीच, "भिया नको गो. उजवो कौल असा तुझो." एकदा तिने आनशीला विचारलं, पुन्हा शेटाकडे जाऊया का. आनशी घाबरली. "गप ऱ्हव बाये! शंका काढलंस तर कौल फिरता." त्यानंतर वैजूने कोणाकडेच काही मागितलं नाही. जो होय म्हणून बसलाय त्याच्याकडे परत कसं मागायचं? नर्सबाई घरी येऊन तिच्यावर चिडली, तर तिने तिलाही तेच सांगितलं, कौल उजवो असा. नर्सबाई बिचारी दुसऱ्या गावची.  गोळ्या ठेवून निघून गेली.

पोट वाढलं तशी वैजू टेबलापासून लांब उभी राहू लागली. दांड्यापर्यंत हात पोचवायला पुढे झुकायची. दिवसभर तशीच. वाफेचं झाकण उघडलं की तिचं डोकं त्या ढगात दिसेनासं व्हायचं आणि खोकला तेवढा ऐकू यायचा.

एका दुपारी झाकण उघडलं, ढग आला आणि खोकला ऐकूच आला नाही. वाफ ओसरली, तेव्हा ती टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"आनशीकाकी, माका धर," एवढंच म्हणाली.

खाली टरफलांवर रक्त पडलं होतं.

आम्ही टेम्पोतली पोती खाली फेकून तिला आत झोपवलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. वेळेच्या फार आधीची. पाणकोंबडीच्या पिलाएवढी. संध्याकाळपर्यंत होती. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन मला, मीच तेवढा पुरुष होतो म्हणून, विचारलं, "ही शेवटपर्यंत उभ्याने काम करत होती?"

"होय."

"कुणी बसायला दिलं नाही?"

"नाही."

ह्याहून लहान बोलणं माझ्या हातून आयुष्यात झालेलं नाही.

भाईशेट दवाखान्याच्या पायरीवर भेटला. गाडीतून फळं घेऊन आला होता. मान हलवत म्हणाला, "कौल खोटो जाणा नाय तातू. तिच्या हातसून काय तरी चुकलां असतला."

बस्स. तेवढं एक वाक्य. त्याच्या जोरावर दोन वाड्यांत गोष्टी फुटल्या. वैजू ग्रहणात बाहेर गेली होती. वैजू नवसाचं विसरली होती. वैजूने पपई खाल्ली. वैजू सांजवेळी वडाखालून गेली. एकीने तर तिला जाताना पाहिलंच होतं. मी म्हटलं, त्या वाटेला वड कुठे आहे? तर म्हणाली, पूर्वी होता. मी जन्मभर थापा मारल्या, पण एवढी वाऱ्यासारखी पसरणारी एकही थाप माझ्या तोंडून निघालेली नाही. आणि माझ्या थापा ऐकून लोक हसायचे तरी. ह्यांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

वैजू फार दिवस घरी राहू शकली नाही. ती कामावर आली तो दिवस मला दिसतो आहे, एवढी वर्षं होऊन गेली तरी. अंगात ताप असल्यासारखी सुकलेली, पण पोलक्याच्या पुढे ओलं. आत तिने जुन्या लुगड्याच्या धडप्याच्या घड्या घातल्या होत्या, त्याही भिजल्या होत्या. दूध काही ऐकायला तयार नव्हतं. बायकांनी नजर खाली घातली. 

तेवढ्यात भाईशेट आला. त्याच्या मागून दिगू एक स्टूल घेऊन येत होता. नवं कोरं. वर लाल रेक्झिनची गादी. दिगूने ते शेडच्या मधून मिरवत नेलं आणि खिडकीपाशी, ग्रेडिंगच्या टेबलाला लावून ठेवलं. गादीवरचं प्लास्टिक भाईशेटाने स्वतःच्या हाताने काढलं.

"ये गो बाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हय बस. आजपासून तू बसानच काम कर. भाईशेटाक काळीज नाय असां कोण म्हणूक नको."

दांडे थांबले. बॉयलरची घरघर तेवढी चालू होती. आनशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा गो," ती हळूच म्हणाली, "देतत तर घे."

वैजू शेडच्या त्या टोकापर्यंत चालत गेली. स्टुलापाशी थांबली. गादीवरून हात फिरवला, कडेची शिवण बघितली, बाजारात माणूस बघतो तशी. खिडकीतून वारा येत होता. तिचा पदर हलला.

मग ती वळली.

"जागा मी माझ्यासाठी नाय मागलेली, शेट."

"अगो, पण आता दितंय मां—"

"आता उभ्या ऱ्हवाक माका काय झालां?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने खरंच विचारलं होतं. उत्तरासाठी थोडा वेळ थांबलीसुद्धा.

भाईशेटाने हातातलं प्लास्टिक चुरगाळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी तातू काहीतरी बोलतो, लोक हसतात आणि प्रसंग निभावतो, हे त्याला माहीत होतं. मी पुढचं पोतं काट्यावर चढवलं.

वैजू सगळ्यांच्या मधून परत आली. टेबलाशी सवयीच्या अंतरावर उभी राहिली. टेबलाची कड आता तिच्यापासून वीतभर लांब होती, म्हणून पुढे सरकली आणि अगदी लागून उभी राहिली. राखेच्या डब्यात हात घातले, मनगटापर्यंत चोळून घेतले. पायाने पॅडल दाबलं.